परीक्षेचें माप एकच असावें

“तुम्ही आमच्या देवऋषीस हंसतां; मग तुमच्या धर्मांतले चमत्कार तेवढे खरे कशावरून?” असा प्रश्न चावडीवर, शेताच्या बांधावर किंवा आठवड्याच्या बाजारांत आमच्या कित्येक उपदेशक बंधूंस विचारण्यांत येतो. कोणी तो थट्टेनें विचारितो, तर चार बुकें शिकलेला एखादा तरुण अगदीं मनापासून विचारितो. अशा वेळीं कांहीं जण रागावतात, कांहीं विषय बदलतात. आमच्या मतें हा प्रश्न विचारणारा आमचा शत्रु नव्हे. तो एक न्यायाची गोष्ट मागत आहे. दुसऱ्याच्या धान्यास जें माप लावावयाचें, तेंच आपल्याही धान्यास लावावें, एवढेंच त्याचें म्हणणें आहे.

सन १९९५ च्या सप्टेंबर महिन्याच्या २१ व्या तारखेस गणपतीच्या मूर्ति दूध पितात अशी वार्ता एका दिवसांत देशभर पसरली, हें वडील वाचकांस स्मरत असेल. लोक दुधाचीं भांडीं घेऊन देवळांपुढें रांगा लावून उभे राहिले. शास्त्रज्ञांनीं दुधांत रंग घालून पाहिलें, तेव्हां दूध कोठें जातें तें उघड झालें. द्रवाच्या पृष्ठभागास जो ताण असतो त्याच्या योगानें दूध चमच्याच्या कांठावरून मूर्तीकडे ओढलें जातें आणि पातळ ओघळ होऊन खालीं उतरतें. रंग नसला म्हणजे तो ओघळ सहज दिसत नाहीं, इतकेंच. त्या दिवशीं आमच्यापैकीं पुष्कळ जण हंसले असतील.

पण पुढें सन २०१२ मध्यें मुंबईस विलेपार्ल्याजवळ इर्ला येथें रोमन मंडळीच्या एका चर्चपाशीं, क्रुसावरील मूर्तीच्या पायांपासून पाणी ठिबकूं लागलें. भाविक तें पाणी भांड्यांत धरून नेऊं लागले. सनल एडामरुकु या बुद्धिवादी गृहस्थांनीं ती जागा पाहिली. जवळचें सांडपाणी तुंबलें होतें; आणि दिव्याच्या वातींत तेल चढतें तसें तें पाणी भिंतींत चढून क्रुसाच्या खिळ्यापाशीं बाहेर पडत होतें, असें त्यांनीं दाखविलें. याबद्दल आभार मानावयाचे, तें राहिलें बाजूस. उलट धर्मभावना दुखविल्याच्या फिर्यादी त्यांच्यावर झाल्या, आणि त्याच वर्षीं ते देश सोडून फिनलंडास गेले. “ते रोमन, आम्ही नव्हे,” असें म्हणून आम्हांस सुटतां येणार नाहीं. आमच्याही सभांमधून तेल, रुमाल व बाटलींतील पाणी यांच्या गोष्टी कांहीं कमी ऐकूं येत नाहींत. गणपतीच्या दुधास हंसणाऱ्यानें क्रुसाच्या पाण्यास हात जोडावे, हा न्याय कोणता?

कोणी म्हणेल, “असा संशय घेणें हेंच पाप नव्हे काय?” तर पवित्र शास्त्र काय शिकवितें तें पाहूं. संदेष्ट्याचें भाकीत खरें झालें नाहीं तर तें देवाचें वचन नव्हे, अशी कसोटी अनुवादाच्या अठराव्या अध्यायांत दिली आहे. दहा कुष्ठरोग्यांस प्रभूनें याजकांकडे पाठविलें. म्हणजे ते शुद्ध झाले कीं नाहीं याची नियमशास्त्राप्रमाणें पाहणी होणार होती. बिरुयाचे लोक प्रत्यक्ष पौलाचा उपदेशही शास्त्राशीं ताडून पाहत, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली आहे. थोमानें खिळ्यांचे व्रण पाहण्यास मागितले, तेव्हां प्रभूनें त्यास दाराबाहेर घालविलें नाहीं, तर आपले हात पुढें केले. फार काय, मोशेनें देवाच्या आज्ञेनें केलेला पितळी सर्पदेखील, लोक त्यापुढें धूप जाळीत म्हणून, हिज्कीया राजानें फोडून टाकिला. खऱ्या चमत्काराच्या खुणेचीही जेथें ही गत, तेथें खोट्या चमत्कारास आश्रय कसा मिळावा?

तथापि संशय दोन प्रकारचा असतो. एक सत्य सांपडावें म्हणून दार ठोठावितो. दुसरा, सत्य सांपडलें तर वागणूक बदलावी लागेल या भयानें दार लावून बसतो. पहिल्याचा आम्हीं आदर करावा. दुसरा तर आम्हां विश्वासणाऱ्यांतही असतो. कारण आपल्या समजुतीची परीक्षा होऊं नये म्हणून जो डोळे मिटतो, त्यास विश्वासू कसें म्हणावें?

येथें प्रामाणिकपणें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. प्रभूच्या पुनरुत्थानाची परीक्षा भिंतींतील पाण्यासारखी आज करून दाखवितां येत नाहीं. आमच्याजवळ साक्ष आहे. ती देणारे कोण, त्यांस त्यांत काय मिळालें, काय सोसावें लागलें, याचा विचार करून आम्हीं ती स्वीकारिली आहे. विचारणाऱ्यास हेंच नम्रपणें सांगावें. जें दाखवितां येत नाहीं तें दाखविल्याचा आव आणूं नये. कारण एक खोटी गोष्ट पकडली गेली कीं ऐकणारा आमची खरी साक्षही तिच्याबरोबर टाकून देतो.

हा केवळ वादाचा विषय नाहीं. यांत माणसें मरतात. क्षयरोग्यास साधारणपणें सहा महिने नित्य औषध घ्यावें लागतें. “प्रार्थना झाली, आतां औषध घेणें म्हणजे अविश्वास,” असें कोणी सांगितलें आणि त्यानें तें मध्येंच सोडलें, तर रोग उलटतो, औषधास दाद देईनासा होतो आणि घरांतील लेंकरांसही लागतो. सर्पदंश झालेल्यास भगताकडे नेणें व प्रार्थनासभेंत बसवून ठेवणें, यांत विषाच्या दृष्टीनें भेद नाहीं. डॉक्टर वानलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय काढलें. औषध हा अविश्वास असता तर मिशननें रुग्णालयें कशास उभारलीं असतीं? अंधश्रद्धेविरुद्ध झटणारे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यास खून झाला, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणें हा त्या कायद्यानें अपराध आहे. हें काम आमच्या पंथाबाहेरच्या माणसानें केलें, याची आम्हांस थोडी लाज वाटली तर बरें.

म्हणून उपदेशक बंधूंनो, आजाऱ्याच्या उशाशीं बसून अवश्य प्रार्थना करा. आणि “आमेन” म्हणून उठलां कीं गाडी जोडून त्यास दवाखान्यांत न्या. तो बरा झाला तर देवाचे उपकार माना, आणि वैद्याचेही माना. मंडळींत कोणी चमत्कार सांगूं लागला तर कोणी पाहिला, केव्हां पाहिला, हें शांतपणें विचारा. सत्याच्या देवास आमच्या असत्याच्या टेकूची गरज नाहीं.