काराजिच या नावातला च

बोस्नियातल्या सर्बांच्या युद्धकालीन नेत्याला हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाने २४ मार्च २०१६ रोजी वंशसंहाराबद्दल ४० वर्षांची शिक्षा सुनावली. २०१९मध्ये, अपिलानंतर, तिची जन्मठेप झाली. या माणसाचं नाव मी मराठीत कराडझिक, कराडजिक, काराझिक अशा रूपांत वाचलं आहे. त्यातल्या पहिल्या दोन रूपांत मराठी डोळ्याला आधी आपलं कराडच दिसतं. खरं नाव रादोवान काराजिच.

घोटाळा होतो तो वाटेत. सर्बियन भाषा सिरिलिक आणि रोमन, दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. रोमनमध्ये डी आणि डोक्यावर खूण असलेला झेड मिळून ज होतो. सिरिलिकमध्ये त्याला एकच अक्षर आहे. शेवटच्या सीवर तिरकी रेघ असते. तो च, आपल्या ‘चिमणी’तल्या चसारखा मऊ. इंग्रजी बातमीत या खुणा गळतात आणि उरलेली अक्षरं आपण इंग्रजीच्या सवयीने वाचतो. सर्बियनमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, पण इंग्रजीतून येताना त्यांचे ट आणि ड होतात. जे नाव देवनागरीत जवळजवळ जसंच्या तसं उतरलं असतं, ते आपण परक्या कानाने ऐकतो.

याच आडनावाचा दुसरा माणूस या बाबतीत आठवायलाच हवा. वुक काराजिच (१७८७–१८६४) याने सर्बियन लेखनाची घडी नव्याने बसवली. बोलता तसं लिहा, लिहिलं तसं वाचा. एका ध्वनीला एकच अक्षर. त्याचा शब्दकोश १८१८मध्ये व्हिएन्नात निघाला आणि सर्बियाने त्याचं लेखन अधिकृतपणे स्वीकारलं ते १८६८मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. ‘चिमणी’ आणि ‘चूल’ यांतले दोन वेगळे च आपण एकाच अक्षराने भागवतो. वुकने आपल्याला तसं करू दिलं नसतं. याच नियमाने सर्बियन लेखक शेक्सपिअरचं नावसुद्धा उच्चाराप्रमाणे बदलून लिहितात. रादोवान स्वतःला याच वुकच्या कुळातला म्हणवत असे. ज्या घराण्याचा वारसा तो सांगत होता, त्याने जगाला दिलेली शिकवण नेमकी अक्षराच्या प्रामाणिकपणाची होती, आणि मला हे फार बोचतं.

एका दोषी माणसाच्या नावासाठी एवढी काळजी कशाला, असं कुणी विचारेल. टेनिसपटूचं नाव आपण बिनचूक ‘जोकोविच’ लिहितो, कारण ते टीव्हीवर वारंवार कानावर पडतं. तिथे इंग्रजी स्पेलिंगमधला डी आपल्याला आडवा येत नाही. म्हणजे मराठीला हे जमतं. शिवाय रादोवानने स्वतःचं नाव लपवलं होतं. १९९५मध्ये आरोपपत्र निघालं, आणि जुलै २००८मध्ये बेलग्रेडला पकडला गेला तेव्हा तो दाढी वाढवून, द्रागान दाबिच या नावाने, पर्यायी उपचार करणारा म्हणून वावरत होता. गुन्ह्याची नोंद नीट राहायची तर गुन्हेगाराचं नावही नीट राहायला हवं.

पण माझं मुख्य कारण वेगळं आहे. जुलै १९९५मध्ये स्रेब्रेनित्सा इथे बोस्नियातल्या सर्ब फौजांनी आठ हजारांहून अधिक बोस्नियाक, म्हणजे बोस्नियन मुस्लिम, पुरुष आणि मुलगे मारले. (आपण हे गावही ‘स्रेब्रेनिका’ करून टाकतो. त्याच्या नावात ‘स्रेब्रो’, म्हणजे चांदी आहे, आणि त्यातला सी हा ‘चूल’मधल्या चसारखा आहे.) गावाजवळच्या पोतोचारीच्या स्मारकावर कोरलेल्या यादीत हासानोविच, मेहमेदोविच, सालिहोविच अशी आडनावं ओळीने येतात. मारणाऱ्यांच्या नावाच्या शेवटी जे अक्षर आहे, तेच मेलेल्यांच्याही नावाच्या शेवटी आहे. भाषा एकच होती. एका नावात त्या चचा क केला, की तो या सगळ्यांच्या नावांत होतो.

त्यांतल्या अनेकांच्या अस्थी एकाहून अधिक सामूहिक कबरींत विखुरल्या होत्या, कारण पुरावा मिटवायला यंत्रांनी कबरी उकरून प्रेतं हलवली गेली. डीएनए जुळवून एकेका हाडाला त्याचं नाव परत देण्यात वर्षं गेली. दर ११ जुलैला पोतोचारीला नव्याने ओळख पटलेल्यांचं दफन होतं, आणि दगडावर नाव, बापाचं नाव आणि जन्मवर्ष कोरलं जातं. मराठीत या घटनेविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: तो च तेवढा नीट लिहा.