इन्स्पेक्टर गेल्यावर

सोव्हिएत व्यवस्था कोसळल्यानंतरच्या जॉर्जियात दुकान उघडणाऱ्याला सरकार भेटायचे ते माणसांच्या रूपात: करवाला, आगीच्या बंदोबस्तवाला, आरोग्यवाला, रस्त्यात गाडी अडवणारा पोलीस. प्रत्येकाचा हप्ता वेगळा. त्यामुळे धंद्याचा खरा खर्च किती, हे व्यापाऱ्याला स्वतःलाही सांगता येत नसे. आणि ज्याला उद्याचा खर्च ठाऊक नाही तो यंत्र घेत नाही, कामगार शिकवत नाही. माल आणतो, विकतो आणि रोकड जवळ ठेवतो.

२००३च्या ‘गुलाब क्रांती’नंतर मिखाईल साकाश्विली सत्तेवर आले. रशियात बडे उद्योगपती झालेले जीवशास्त्रज्ञ काखा बेंदुकिद्झे २००४मध्ये मंत्री झाले. वाहतूक पोलीस दल सगळेच्या सगळे बरखास्त करून नवे उभारले गेले. २१ करांचे ७ झाले, शेकडो परवाने रद्द झाले. जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या यादीत देश एका वर्षात ११२वरून ३७वर आला.

या क्रमांकाचे मला फारसे अप्रूप नाही. तो राजधानी तिबिलिसीवरून ठरे, जसा भारताचा मुंबई आणि दिल्लीवरून. सांगली-सोलापूरच्या कारखानदाराला त्यात जागाच नव्हती. आकडेवारीतले गैरप्रकार उघड झाल्यावर २०२१मध्ये बँकेने ती यादीच बंद केली. मोलाचे वाटते ते हे, की छोट्या दुकानदाराला साहेबापुढे लाचार उभे राहावे लागेनासे झाले. माणसाची ही मान ताठ होणे कुठल्याही निर्देशांकात मावत नाही, पण सुधारणांचे खरे फळ तेच.

मोठ्या उद्योजकांची गोष्ट मात्र निराळी झाली. चिरीमिरी थांबली, तरी वरची मर्जी उरलीच. २०१२मध्ये सत्ता बदलल्यावर धाकदपटशाने मालमत्ता लिहून घेतल्याच्या तक्रारी घेऊन अनेक जण सरकारी वकिलांकडे आले. एका दिवसात कंपनीची नोंदणी करून देणारे राज्य ती कंपनी दहा वर्षे तिच्या मालकाकडे राहील याची हमी देत नसेल, तर शहाणा मालक मुद्दामच लहान राहतो.

आणखी एक गोष्ट सुधारकांच्या नजरेतून निसटली, असे मला वाटते. भ्रष्ट तपासनीस हटवताना त्यांनी तपासणीच मोडीत काढली. अन्नसुरक्षा कायद्याची महत्त्वाची कलमे कित्येक वर्षे स्थगित राहिली. अशातच २००६मध्ये रशियाने दर्जाचे कारण पुढे करून जॉर्जियाच्या वाइनवर बंदी घातली, आणि तिथली बहुतांश वाइन तर रशियालाच जात होती. आरोपामागे राजकारण होते, यात मला शंका नाही. पण तो खोडून काढायला, जगाने मानावी अशी तपासणी जॉर्जियाच्या हाताशी नव्हती. द्राक्षबागा उत्तम, कर कमी, नोंदणी झटपट. तरी बाटल्या गोदामात पडून राहिल्या.

युरोपीय संघाशी २०१४मध्ये करार झाला तेव्हा उलटा प्रवास सुरू झाला: मानके, प्रयोगशाळा, तपासनीस. जॉर्जियाच्या डोंगरांतल्या मधाला युरोपचे दार उघडायला २०१६चा डिसेंबर उजाडला. मधमाश्या पाळणाऱ्यांकडे मध पूर्वीही होता. मधात औषधांचे अंश तपासणारी आणि ब्रसेल्समध्ये जिचा शब्द मानला जाईल अशी सरकारी यंत्रणा त्यांच्या पाठीशी उभी राहायला मात्र तेवढी वर्षे गेली.