जुना सिग्नल आणि मनुष्याचा जीव

आपल्या मुलखात आगगाडीच्या रुळांजवळ राहणाऱ्या लोकांच्या तोंडी एक बोल आहे : "सिग्नल पडला." गाडी येण्याची वेळ झाली म्हणजे असे म्हणतात. वास्तविक पाहता हल्ली बहुतेक ठिकाणी काहीच पडत नाही. खांबावर तांबडा, पिवळा किंवा हिरवा दिवा लागतो, इतकेच. परंतु एके काळी खरोखर पडत असे. उंच खांबावर तांबड्या रंगाचा लोखंडी हात असे. तो आडवा असला तर गाडीने थांबावे, आणि तो खाली झुकला तर पुढे जावे, अशी रीत होती. हात गेला, पण बोल राहिला. ह्यावरून त्या हाताने लोकांच्या मनात किती घर केले होते हे दिसून येते.

सांप्रत हे जुने हात, त्यांच्या तारा, खटके, रॉकेलचे दिवे आणि त्यांबरोबर जुनी फाटकेही हळूहळू नाहीशी होत आहेत. काही सज्जनांस ह्याचे वाईट वाटते. ते म्हणतात, हा आपला ठेवा आहे, तो जागच्या जागी जपावा. दुसरे म्हणतात, हे भंगार आहे. जेथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे तेथे जुन्याचे कौतुक कशाला? हा वाद शहरातील हौशी लोकांचा आहे, आपल्या मंडळ्यांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तथापि त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. तो हा : ज्या जुन्या वस्तूने आपले भले केले तिचे आपल्यावर ऋण किती, आणि शेजाऱ्याच्या जिवाचे ऋण किती?

प्रथम जुन्याची थोरवी काय होती ते पाहू. आपल्या देशात प्रवाशांची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास गेली. खंडाळा ते पुणे हा रस्ता १८५८ च्या जून महिन्यात खुला झाला, आणि बोरघाटाचे अवघड काम पुरे होऊन १८६३ साली मुंबई व पुणे अखंड रुळांनी जोडली गेली. अशा रस्त्यावर, अंधारात व धुक्यात, शेकडो माणसांचा जीव एका हाताच्या खुणेवर अवलंबून असे. दिवेवाल्याने शिडी चढून दिवा साफ करावा, सांधेवाल्याने सांधा बरोबर बसविल्याची खात्री करावी, फाटकवाल्याने वेळेवर फाटक लावावे. ह्यांतील एकाने हयगय केली तर अनर्थ ओढवे.

ह्या योजनेत जे शहाणपण होते ते एका दिवसात आले नाही; ते माणसांच्या रक्ताने विकत घेतलेले आहे. इंग्लंडात ॲबट्स रिप्टन येथे २१ जानेवारी १८७६ रोजी मोठा हिमवर्षाव झाला. त्या काळी तेथील सिग्नल एरवी "जा" असेच सांगत असत. धोका असेल तेव्हाच "थांबा" सांगावयाचे. बर्फाच्या भाराने हात "जा" ह्याच स्थितीत गोठून बसले. पुढे मार्ग मोकळा नव्हता, पण हाताने खोटे सांगितले. गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि कित्येक जीव गेले. ह्या अनर्थानंतर नियम उलटा झाला : सिग्नलाची नेहमीची स्थिती "थांबा" हीच असावी, आणि मार्ग मोकळा असल्याची खात्री झाल्यावरच "जा" म्हणावे. तार तुटली तर हात आपल्या वजनाने पुन्हा आडवा व्हावा, अशीही योजना असे. तीच गोष्ट दिव्याची. आरंभी पांढरा उजेड म्हणजे "जा" असे मानीत. पण तांबडी काच फुटली की आतला दिवा पांढराच दिसे, आणि चालकास धोक्याच्या जागी अभय मिळे. म्हणून पुढे "जा" ह्या अर्थी हिरवा रंग ठरला. तात्पर्य, यंत्र बिघडले तरी त्या बिघाडाने माणसाचा घात होऊ नये, हे तत्त्व जुन्या कारागिरांनी आपल्यासाठी शोधून ठेवले आहे. आजच्या विजेच्या सिग्नलांचा पाया तेच तत्त्व होय.

म्हणून जुन्या हाताविषयी ज्यांस माया वाटते त्यांस हसू नये. यार्देन नदी उतरल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातील बारा धोंडे उचलवून गिलगाल येथे उभे केले. का? पुढे मुलांनी विचारले की हे धोंडे कशाचे, तर बापांनी देवाचा उपकार सांगावा म्हणून (यहोशवा ४). उपकाराचे स्मरण ठेवणे ही देवाला मान्य असलेली गोष्ट आहे. दिल्लीस रेल्वेचे राष्ट्रीय संग्रहालय १९७७ पासून आहे. पुण्यात कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी ह्यांनी आयुष्यभराच्या छंदातून लहान आगगाड्यांचे संग्रहालय उभे केले. ते १९९८ साली लोकांसाठी उघडले. तेथे चिमुकल्या गाड्या, रूळ व सिग्नल चालताना पाहून मुले आनंदाने टाळ्या पिटतात. अमेरिकेत आल्बर्ट हंट नावाच्या यंत्रज्ञाने १९०९ साली फाटकाजवळ बसविण्यासाठी एक लोलक तयार केला. रात्री कंदील हातात घेऊन पहारेकरी जसा तो डावीकडून उजवीकडे हालवितो, तसा तो तांबडा दिवा आपोआप झुले व घंटा वाजे. पुढे आळीपाळीने उघडझाप करणारे दिवे आले आणि तो लोलक मागे पडला. तरी तेथील पुष्कळ लोक त्याचे नमुने प्रेमाने सांभाळून ठेवतात. ह्यात दोष काहीच नाही.

परंतु धोंडे यहोशवाने कोठे उभे केले, हे ध्यानात घ्यावे. ते तळावर उभे केले, वाटसरूच्या वाटेत नव्हे. स्मरणाची जागा निराळी आणि रहदारीची जागा निराळी. संग्रहालयातील सिग्नल चुकला तर खेळण्यातील गाडी पडते. रस्त्यावरील चुकला तर कोणाचे तरी लेकरू घरी येत नाही.

आता आपल्याच प्रांतातील एक गोष्ट सांगतो. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ कन्हान येथे लग्नाचे वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून रूळ ओलांडीत होते. त्या ठिकाणी फाटक नव्हते व फाटकवालाही नव्हता. गाडी आली, आणि पन्नासांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ती कोणी परकी माणसे नव्हेत. ती आपणासारखीच खेड्यातील माणसे होती, आणि ट्रॉलीत बसून लग्नास जाणे ही आपल्या गावोगावची रीत आहे. शहरात जुना सिग्नल चांगला की नवा, ह्याविषयी चर्चा होते. कन्हानच्या त्या वऱ्हाडास जुनाही नव्हता आणि नवाही नव्हता. गरिबाच्या वाटेवर बहुधा असेच असते. डॉ. अनिल काकोडकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली रेल्वेच्या सुरक्षेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीने २०१२ साली स्पष्ट शिफारस केली की, पाच वर्षांत रुळांवरून जाणारे सर्वच रस्ते बंद करून त्यांच्या जागी पूल किंवा भुयारी मार्ग करावे. मोठ्या रुळांवरील बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी २०१९ अखेर संपुष्टात आली. ह्या कामी जो पैसा लागला तो एखाद्या सुंदर जुन्या वस्तूवर खर्च झाला नाही म्हणून कोणी हळहळेल काय?

मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानसे वचन आहे, त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. जो नवे घर बांधील त्याने धाब्याला कठडा करावा. नाही तर कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा त्याचा भावार्थ आहे (अनुवाद २२:८). येथे देव धाबे सुंदर आहे की नाही हे विचारीत नाही. कठडा आहे की नाही हे विचारतो. आणि कठडा न बांधणे ही केवळ विसरभोळेपणाची गोष्ट नसून रक्तदोष होय, असे म्हणतो. ज्याच्या हाती रस्ता आहे, गाडी आहे, शाळा आहे किंवा विहीर आहे, त्या प्रत्येकास हे वचन लागू पडते.

येथे कोणी मध्यम मार्ग सुचवील : नवा सिग्नल बसवावा, पण जुनाही शेजारी उभा असू द्यावा. हे ऐकण्यास गोड वाटते. परंतु रेल्वेचा नियम पाहा : जो हाताचा सिग्नल उभा आहे पण चालू नाही, त्यावर फुलीसारख्या दोन पट्ट्या ठोकल्या पाहिजेत, म्हणजे चालक फसणार नाही. ह्या नियमात मोठे सत्य आहे. जी खूण बोलते तिने खरे बोलावे. जिला खरे बोलता येत नाही तिने आपण मुकी झालो हे उघड सांगावे. आमच्या होकारात व नकारात खोट नसावी असे प्रभूने शिकविले (मत्तय ५:३७). ती शिकवण लोखंडी हातासही शोभते.

पितळेच्या सापाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. रानात मोशेने तो देवाच्या आज्ञेने उभारला, आणि त्याकडे पाहणारे वाचले. ह्याहून पवित्र ठेवा कोणता? तरीही पुढे लोक त्याला धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला, आणि शास्त्र त्याची वाखाणणी करते (२ राजे १८). ज्या वस्तूने एकदा जीव वाचविला तीच पुढे जिवाच्या आड येऊ शकते. ती वाईट झाली असे नव्हे. आपण तिच्या हेतूपेक्षा तिला मोठे केले म्हणून तसे होते. जुन्या सिग्नलाचा हेतू जीव वाचविणे हाच होता. जो कोणी जीव धोक्यात घालून त्यास जागेवर ठेवू पाहतो, तो त्याचा मान राखीत नाही, अपमान करतो.

तथापि नव्याच्या भजनी लागणाऱ्यांसही एक इशारा दिला पाहिजे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहनागा बाजार येथे तीन गाड्यांचा भयंकर अपघात होऊन २९० हून अधिक माणसे दगावली. चौकशीत आढळले की, जवळच्या फाटकाचा विजेचा अडसर बदलण्याच्या कामात सिग्नलाच्या तारांची जोडणी चुकली होती. म्हणजे सुधारणा चालली असताच अनर्थ झाला. दोष नवेपणाचा नव्हे. ज्या दक्षतेने दिवेवाला शिडी चढे ती दक्षता तेथे कमी पडली. तसेच फाटक बंद करून भुयारी मार्ग केला, पण पावसाळ्यात त्यात कमरभर पाणी साचून शाळेची मुले व बाळंतीण अडकून पडत असली, तर कठडा बांधला पण धाब्यावर जाण्याची शिडीच काढून घेतली, असे होईल. ज्यांनी त्या वाटेने चालावयाचे त्यांस विचारून केलेली सुधारणाच खरी सुधारणा. यहेज्केल संदेष्ट्याने पहारेकऱ्याविषयी सांगितले आहे की, संकट येताना पाहूनही जो शिंग फुंकीत नाही त्याच्यापाशी त्या रक्ताचा जाब मागितला जाईल (यहेज्केल ३३). शिंग जुने असो की नवे, फुंकणारा जागा पाहिजे.

आता आपल्या मंडळ्यांकडे वळू. पुष्कळ गावांत जुन्या मिशनऱ्यांच्या वेळची प्रार्थनामंदिरे आहेत. वडीलधाऱ्यांचा बाप्तिस्मा तेथे झाला, लग्ने तेथे लागली. त्या भिंतींविषयी माया असणे योग्यच. पण आढ्याच्या तुळईस वाळवी लागली असेल, आणि खाली शब्बाथशाळेची मुले बसत असतील, तर पंचांनी काय करावे? जुन्या तुळईतील एखादा तुकडा स्मरणासाठी जपावा, त्यावर वर्ष कोरावे, मुलांस त्याची कथा सांगावी. पण तुळई बदलावी, आणि ती ह्याच उन्हाळ्यात बदलावी. ह्याचप्रमाणे उपदेशकांनी उपासनेनंतर दोन शब्द रुळांविषयीही सांगावे. फाटक लागले असता त्याखालून वाकून जाणे, सायकल आडवी करून घुसविणे, ही आपल्याकडे हुशारी समजली जाते. पुण्यात घोरपडीच्या फाटकावर खोळंबलेल्या गर्दीपासून तो खेड्यातील बैलगाडीपर्यंत, घाईचा मोह सर्वांस सारखाच आहे. ज्या फाटकाची सिग्नलाशी सांगड घातलेली असते, तेथे फाटक लागून कुलूप पडल्याशिवाय सिग्नल गाडीस "ये" म्हणू शकत नाही. दोघांनी एकमेकांस असे बांधून घेतले आहे ते तुमच्या जिवासाठी. ते बंधन मोडून वाकणारा मनुष्य केवळ नियम मोडीत नाही. जो जीव देवाने त्यास ठेव म्हणून दिला आहे, तो पाच मिनिटांच्या मोलाने विकतो.

सारांश, जुने जपावे ते कृतज्ञतेसाठी, आणि नवे आणावे ते प्रीतीसाठी. दोहोंची एकाच जागी गाठ पडली, तर कृतज्ञतेने बाजूस सरून प्रीतीस वाट द्यावी. कारण ज्यांनी पहिला लोखंडी हात उभारला त्यांनी तो वाटसरूच्या प्रीतीनेच उभारला होता. तो हात आता एखाद्या संग्रहालयात विसावो. मुले त्यास पाहोत, आणि त्याने किती जणांस सुखरूप घरी पोहोचविले हे बाप त्यांस सांगोत. रुळांच्या वाटेवर मात्र उद्याच्या वऱ्हाडासाठी जे अधिक भरवशाचे असेल तेच उभे राहो.