म्हाताऱ्या राखणदाराची भाकर

जो पशु कामाचा उरला नाहीं, त्यास खावयास घालणें हें आपलें कर्तव्य आहे, कीं ती केवळ मर्जीची गोष्ट आहे? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या घरांत एक उनाड पिलूं व दोन म्हातारे कुत्रे एकाच ओसरीवर नांदतात, तेथें तो रोज भाकर मोडतांना पुढें येतो.

आमचे मोत्या व वाघ्या तेरा वर्षांचे झाले. मोत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदु वाढला आहे. वाघ्यास हांक ऐकूं येत नाहीं व उठतांना त्याचे मागचे पाय लटपटतात. खंड्या चार महिन्यांचा. तो वहाणा कुरतडतो, दांडीवरचें लुगडें खालीं ओढतो, केरसुणीशीं कुस्ती खेळतो, आणि निजलेल्या मोत्याच्या शेपटास लोंबकळतो. पिलास चोप द्यावा व म्हाताऱ्यांस बाजाराच्या गांवीं सोडून यावें, असा सल्ला देणारे शेजारी पुष्कळ आहेत.

चोपाचें आधीं पाहूं. कुत्र्याच्या पिलास दुधाचे २८ दांत असतात. ते सुमारें चौथ्या महिन्यापासून पडूं लागतात, व सहासात महिन्यांचें होईपर्यंत त्यास ४२ पक्के दांत येतात. त्या काळांत हिरड्या शिवशिवतात, आणि जें सांपडेल तें पिलूं चावतें. ‘पण त्यास गुन्हा कळतो, पाहा, कसें कान पाडून बसलें आहे!’ असें लोक म्हणतात. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या विदुषीनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेंच तपासलें. धन्यानें ‘खाऊं नको’ असें बजावून बाहेर जावें, आणि परत आल्यावर कुत्र्यानें खाल्लें कीं नाहीं हें त्यास कधीं खरें, कधीं खोटें सांगावें, अशी योजना होती. ती अपराधी मुद्रा खाण्याशीं नव्हे, तर धन्याच्या रागावण्याशीं जुळलेली आढळली. निरपराध कुत्र्यांवरही रागें भरतांच ती दिसली. तेव्हां ज्यास आपण पश्चात्ताप समजतों, तें पुष्कळदां भय असतें. दुपारीं फाडलेल्या वहाणेबद्दल संध्याकाळीं मारलेली काठी पिलास कांहींच शिकवीत नाहीं. वहाण उंच खुंटीवर ठेवणें हें मनुष्याचें काम. मोत्या गुरगुरला म्हणजे मुलें त्यासच दटावतात, हा तर उघड अन्याय आहे. गुरगुरणें ही त्या बिचाऱ्याची चावण्यापूर्वींची सूचना होय. ती बंद करण्यापेक्षां त्याचें अंथरूण पिलाच्या वाटेबाहेर हालवावें.

आतां म्हाताऱ्यांचें. ‘राखण नाहीं तर भाकर नाहीं,’ हा शेजाऱ्यांचा न्याय. वाचकहो, मग खंड्याची राखण कोठें आहे? तो तर रोज नुकसानच करतो. तो उद्यां भुंकेल म्हणून त्यास आगाऊ मजुरी द्यावयाची, आणि मोत्याची मागील बाकी मात्र बुडवावयाची, हा हिशेब कोणत्या वहींत बसतो?

परंतु वहीच मुळांत अपुरी आहे. आमचा वाघ्या तरुणपणींही धड राखणदार नव्हता. परका दिसला कीं शेपूट हालवीत पुढें जाई. त्याची बाकी काढूं गेल्यास आमचेंच येणें निघेल! रोमन केटोनें शेतीवरील आपल्या ग्रंथांत म्हातारे बैल व म्हातारे गुलाम विकून टाकावे असें सांगितलें. त्याचें चरित्र लिहितांना प्लूटार्कनें त्यास दोष दिला, व आपण म्हातारा बैलही वयामुळें विकणार नाहीं, असें म्हटलें. केटोच्या यादींत बैल व गुलाम शेजारीं बसले आहेत. उपयोगाचें माप एकदां हातीं घेतलें कीं तें गोठ्यापाशीं थांबत नाहीं. जर्मन तत्त्ववेत्ता कांट (१७२४–१८०४) म्हणे कीं, सेवा केलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यास गोळी घालणारा कुत्र्याविषयींचें कर्तव्य मोडीत नाहीं, तर स्वतःमधील माणुसकीस इजा करतो. हें अर्धेंच खरें वाटतें. मन धन्याचें कठोर होतें, हें कबूल. पण भूक मोत्याच्या पोटांत लागते, धन्याच्या नव्हे. आम्हींच त्यास लहानपणीं उचलून आणिलें, परक्याच्या हातचें खाऊं नये असें शिकविलें. आतां परक्या गांवीं तो काय खाईल? उपासमार होईल अशा स्थितींत जनावर विनाकारण सोडून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हाही आहे, हें त्या सल्लागारांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असतें.

आमच्या येथें आधीं खंड्यास खुंट्याशीं बांधतात व मग म्हाताऱ्यांपुढें ताटल्या ठेवितात. कारण तो आपली भाकर चार घासांत संपवून त्यांच्या ताटलींत तोंड घालतो. मोत्याचे बरेच दांत गेले, म्हणून त्याची भाकर ताकांत भिजवावी लागते. ती मऊ व्हावयास थोडा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ खंड्या सारें आंगण डोक्यावर घेतो.