आत्या की सासू?

नात्यांच्या बाबतीत आपली मराठी मोठी काटेकोर आहे. इंग्रजीच्या एका 'कझिन' शब्दात चुलत, मावस, आते, मामे अशी सारी भावंडे कोंबली जातात; आपण मात्र नाते कोणामार्फत आले हे नावातच सांगून टाकतो. तरीही एका ठिकाणी हीच भाषा आपल्याला पेचात टाकते. मामाच्या मुलीला ती 'मामेबहीण' म्हणते, आणि भोकरदनच्या परिसरात कित्येक घरांत त्याच मुलीवर भाच्याचा हक्क मानला जातो. मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही, ही महाराष्ट्राची रीत इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. सोयरीक परक्या घरी झाली तरी सून सासऱ्याला 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणते, इतकी ही रीत बोलण्यात मुरलेली!

मग शब्द खरा मानावा की रूढी? आपले लोक येथे बायबलकडे बोट दाखवतात. राहेल ही लाबानाची मुलगी आणि लाबान हा रिबेकेचा भाऊ, म्हणजे याकोबाचा मामाच. लेवीयच्या अठराव्या अध्यायातील निषिद्ध नात्यांतही मामेबहीण नाही. हा युक्तिवाद सहज झटकता येत नाही. (याकोबाने दोघी सख्ख्या बहिणींशी संसार केला, हे मात्र कोणी सांगत नाही.)

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या विधिसंहितेतील १०९१ वा नियम असा विवाह अवैध ठरवतो. मूळ आजोबा वगळून मुलगा, त्याची आई, मामा आणि मामाची मुलगी अशा चार पायऱ्या होतात. चौथ्या पायरीपर्यंत मनाई आहे. ही मनाई ख्रिस्तसभेने घातलेली असल्याने योग्य कारण असेल तर बिशप सूट देऊ शकतात. सख्ख्या भावंडांना ती कधीच नाही.

केवळ नियमाने समाधान होत नसेल तर संत ऑगस्टीन वाचावेत. 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या पंधराव्या खंडात त्यांचा विचार असा, की अनेक नाती एकाच माणसात साठू नयेत; ती वेगवेगळ्या माणसांत वाटली गेली तर प्रेमाचे क्षेत्र वाढते. आपल्या घरांत याचा अर्थ फार स्पष्ट दिसतो. आत्याच सासू झाली की मुलीची आत्या हरवते. मुलगी ओळखीच्या घरी पडावी, हा रूढीचा हेतू वाईट नव्हता. पण त्या घरी तिचा छळ झाला, तर बापाने जाब विचारायचा तो सख्ख्या बहिणीला! भाऊबीजेला ओवाळणाऱ्या बहिणीपुढे त्याची जीभ उचलत नाही.

म्हणून सुटीचा अर्ज पुढे पाठवण्यापूर्वी मी मुलीला एकटीला बसवून विचारतो, "बाळ, उद्या काही दुखले-खुपले तर तू कुणाकडे जाशील?"