छाटलेल्या कडा

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक उद्योग चालला होता. आईचें सहस्रचंद्रदर्शन जवळ आलें होतें, आणि त्या दिवशीं तिच्या हातांत घरच्या छायाचित्रांचें एक छापील पुस्तक ठेवावें, अशी कल्पना माझ्या मुलीला सुचली. हल्लीं अशा पुस्तकाला फोटोबुक म्हणतात. पूर्वींच्या आल्बमांत काळ्या जाड पानावर चार कागदी कोपरे चिकटवून त्यांत फोटो बसवीत, आणि दोन पानांमध्यें झिरझिरीत कागद घालीत. त्या खटाटोपाला एक दुपार पुरत नसे. आतां फोटो संगणकांत घालावयाचे, पानाचा आकार सांगावयाचा, आणि एक कळ दाबावयाची. चाळीस पानांची रचना डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच तयार होते. मी जन्मभर विद्यार्थ्यांना नीतिशास्त्र शिकवीत आलों. परंतु त्या विषयांतला एक बराच अवघड प्रश्न मला या कळीनें घातला. तो असा कीं, जें वगळण्याचा निर्णय कोणीं घेतलाच नाहीं, तें वगळल्याची जबाबदारी कोणावर?

आमच्या घरीं फार जुने फोटो थोडेच आहेत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचें धरणही टिकलें नाहीं, आणि मुठेच्या कांठच्या पेठांतून पाणी शिरलें. त्या दिवशीं पुण्यांतल्या किती कुटुंबांचे पूर्वज चिखलांत दुसऱ्यांदा गेले असतील याची कल्पनाच करावी. नारायण पेठेंतल्या आमच्या वाड्याचा तळमजला पाण्याखालीं गेला. परंतु एक पत्र्याची पेटी वांचली. तींत साठ-सत्तर फोटो होते. कांहींच्या खालच्या अंगाला गढूळ पाण्याची तपकिरी रेघ अजून आहे. पुढें वर्षानुवर्षें त्यांत भर पडत गेली, आणि मुलीनें ते सर्व स्कॅन करून संगणकांत घातले. या यंत्राला तारखेप्रमाणें फोटो लावण्याची संवय असते, आणि स्कॅन केलेल्या फोटोची तारीख म्हणून तें स्कॅन केल्याचा दिवस धरतें. त्यामुळें आजोबांची साठीशांत, माझी मुंज आणि बहिणीचें लग्न हीं सर्व कार्यें एकाच रविवारीं पार पडलीं असा त्याचा समज झाला. हा दोष हंसण्यावारी नेण्यासारखा होता. मुलीनें तासाभरांत क्रम लावून दिला.

रचना झाल्यावर आम्हीं आईला पडद्यासमोर बसविलें. तिनें चष्मा पुसला, पानें एकामागून एक शांतपणें पाहिलीं, आणि शेवटीं विचारलें, "वन्सं कुठं आहेत?"

वन्सं म्हणजे माझी आत्या. नवऱ्यानें टाकल्यामुळें बाविसाव्या वर्षीं ती माहेरीं परत आली, आणि १९९४ सालीं वारली तोंपर्यंत आमच्याच घरीं राहिली. आमच्या अंघोळी, आमचे पाढे, आमचीं दुखणीं हें सर्व तिच्याकडे असे. आम्हीं मूळ फोटो पुन्हां काढून पाहिले. त्यांत ती होती. एका दोहोंत नव्हे, चांगली आठ-दहा फोटोंत होती. परंतु सर्वांत मागच्या ओळींत, टोकाला. कुठें खांबाआड अर्धी, कुठें मान वळवून आंत स्वयंपाकघराकडे पाहणारी. पानावरची चौकट चौरस, फोटो लांबट. लांबट वस्तु चौरसांत बसवावयाची तर दोन्ही कडा छाटाव्या लागतात, आणि त्या यंत्रानें बिनतक्रार छाटल्या होत्या. हीं यंत्रें चेहरे ओळखतात व होतां होईल तों ते वांचवितात, असें मुलगी म्हणाली; पण अर्धा चेहरा किंवा वळलेला चेहरा त्यांच्या हिशेबीं बहुधा चेहराच नसतो. अशा रीतीनें आत्या एकेका पानावरून गेली. कोणीं तिला घालविली नाहीं.

महत्त्वाचें असतें तें मधोमध असतें, हा यंत्राचा नियम दिसतो तितका निरुपद्रवी नाहीं. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील तीन विद्यार्थिनींचा १८८५ सालचा फोटो वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशच्या वेषांत आहेत. आनंदीबाई डाव्या बाजूस आहेत. तो फोटो एखाद्या उभ्या, अरुंद चौकटींत यंत्राकडून बसवून घेतला तर ओकामीबाई तेवढ्या राहतील. आणि ज्यांच्यासाठीं आपण तो फोटो पाहतों, ज्या १८८७ च्या फेब्रुवारींत वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आंत याच शहरांत वारल्या, त्यांच्या लुगड्याची कड दिसली तर दिसेल.

तथापि सगळा दोष यंत्राच्या माथीं मारून मोकळें होतां येत नाहीं, कारण आत्याला कडेला नेऊन उभी करणारें यंत्र नव्हतें. जुने समूहफोटो कसे काढीत हें ज्यांना आठवतें त्यांना अधिक सांगावयास नको. खुर्च्यांवर वडीलधारीं माणसें आणि जांवई. पुढें सतरंजीवर मुलें. मागें सुना आणि लेकी, त्याही मानपानाच्या क्रमानें. टाकलेली किंवा विधवा बाई घरांत असलीच तर ती 'चहाचं बघतेय' असें कोणी तरी म्हणे. फोटोग्राफर काळ्या कापडाखालीं डोकें घालण्याच्या बेतांत असतां कोणाला तरी आठवण होई, हांक मारली जाई, आणि आत्या पदराला हात पुसत येऊन टोकाला उभी राही. "मी इथंच बरी," हे तिचे शब्द मला अजून ऐकूं येतात. तेथें उभी राहा असें तिला कोणीं सांगितलें नव्हतें, आणि एका अर्थीं आम्हां सर्वांनीं सांगितलें होतें. यंत्रानें आमचीच रूढि पुढें चालविली. फक्त आम्ही जेथें थांबलों होतों तेथें तें थांबलें नाहीं.

मग आईनें आणखी एक गोष्ट सांगितली. ती १९६४ सालीं या घरांत आली, तेव्हां पुराची हकीकत तिला माझ्या आजीकडून कळलेली. त्या दिवशीं पुरुषमंडळी कामावर गेली होती. पाणी आलें अशी ओरड झाली तेव्हां आजीनें देव उचलले, आणि आत्यानें ती पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन शेजारच्या उंच घराची गच्ची गांठली. पेटींत दागिने आहेत असें तिला वाटलें असावें, असें आजी म्हणे. आईला तें कधीं पटलें नाहीं. "वन्संना पक्कं ठाऊक होतं," एवढेंच ती म्हणाली. दोहोंपैकीं खरें काय हें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. पेटी तिनें आणली एवढें खरें; म्हणजे ज्या फोटोंतून आम्ही तिला छाटीत होतों ते तिच्यामुळेंच उरले होते.

त्याच रात्रीं मुलीनें भरपाई केली. एका फोटोच्या कडेचा आत्येचा चेहरा तिनें उचलला, मोठा केला, त्यावरचे डाग घालविले, आणि एका स्वतंत्र पानावर मधोमध बसवून भोंवतीं फुलांची किनार काढली. पान सुंदर झालें होतें. मला मात्र तें बघवेना. आणि कां बघवत नाहीं हें तिला समजावून सांगतांना माझी तारांबळ उडाली. फोटोंची अशी जुळवाजुळव कांहीं आजची नव्हे. मुंबई सरकारच्या नोकरींतील विल्यम जॉन्सन यानें मुंबईंत राहणाऱ्या व येणाऱ्याजाणाऱ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन ग्रंथ १८६३ व १८६६ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत पुष्कळ ठिकाणीं माणसें एकीकडे टिपलेलीं आणि पाठीमागचा देखावा दुसरीकडचा, असें जोडकाम आहे. माणूस खरा, देखावाही खरा. तो माणूस तेथें उभा होता हें मात्र खरें नाहीं. आत्येच्या पानाचें तसेंच होतें. चेहरा तिचाच, पण आमच्या घरांत ती मधली जागा तिला कधीं मिळाली नव्हती. उद्यां माझीं नातवंडें तें पान पाहून म्हणतील, काय मान होता हो या बाईंना! म्हणजे आमच्या वागण्यावर फुलांचें पांघरूण पडलें, आणि तें तिच्या नांवानें.

मुलगी रागावली. "बाबा, म्हणजे तिला कडेलाच ठेवायचं? जिवंतपणी तेच आणि आताही तेच?"

या प्रश्नाला मजजवळ चटकन् उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर पुरें उत्तर आजही नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं फिरावयास गेलों असतां भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवरून जाणें झालें, आणि छाटणीचा एक फार मोठा प्रयोग याच गांवांत होऊन गेल्याचें आठवलें. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम संस्थेनें १९१९ सालीं हातीं घेतलें. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांनीं त्याला शिस्त लावली. ते १९४३ त वारले, आणि काम पुरें व्हावयास १९६६ साल उजाडलें. कोणत्या ओळी जुन्या आणि कोणत्या मागाहून शिरलेल्या हें ठरविणें म्हणजे छाटणीच, आणि ती कांहीं लहानसहान नव्हती. व्यास सांगतात आणि गणपति लिहून घेतो, ही आबालवृद्धांना ठाऊक असलेली कथा त्यांनीं संहितेंतून काढली. आणि तीही पुण्यांत बसून! परंतु त्यांनीं ती फेंकून दिली नाहीं, परिशिष्टांत ठेवली. पानावर वर संहिता, मग रेघ, रेघेखालीं गाळलेल्या ओळी आणि पाठभेद, कोणत्या पोथींत काय आहे याच्या खुणांसह. ज्याला संपादकाचा निर्णय पटत नाहीं त्यानें संपादकाच्याच पानावर त्याच्याविरुद्ध पुरावा शोधावा. छाटणारानें आपल्याविरुद्धचें हत्यार वाचकाच्या हातीं देऊन ठेवावें, यापेक्षां प्रामाणिकपणाची मोठी खूण मला माहीत नाहीं. याच्या उलट टोकाला मॉस्कोच्या कालव्याच्या कांठचा तो प्रसिद्ध फोटो. त्यांत स्टालिनच्या बाजूला येझॉव उभा होता. १९४० सालीं त्याला ठार केलें, आणि पुढें फोटोंतूनही काढलें. त्याच्या जागीं नुसतें पाणी आलें. तेथें रेघ नाहीं, टीप नाहीं.

घरचें पुस्तक म्हणजे संशोधन नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. आजीच्या वाढदिवसाला कोणी परिशिष्टें वाचीत नाहीं. शिवाय घरच्या पुस्तकांत जिवंत माणसेंही असतात, आणि तेथें न्याय निराळा. आमच्या नात्यांतल्या एका मुलाचें लग्न दोन वर्षांत मोडलें. लग्नाच्या फोटोंत ती मुलगी अर्थात् मध्यभागीं आहे. तिला तेवढी काढून टाका, असें एका आप्तांनीं सुचविलें. आजकाल तें दोन मिनिटांचें काम आहे. मला तें पसंत नव्हतें. माझ्या मुलीनें माझें मत न विचारतां सरळ तिलाच विचारलें. तो फोटोच नको, असें उत्तर आलें, आणि तें रास्त होतें. आम्हीं तो सबंध फोटो ठेवून दिला. तिला पुसून केलेला दुसरा फोटो घातला नाहीं. आपण कोठें दिसावें आणि कोठें दिसूं नये हें सांगण्याचा हक्क जिवंत माणसाला आहे. आत्येला विचारण्याची सोय नव्हती. ती असती तर काय म्हणाली असती हें मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तें प्रमाण मानावें असें मला वाटत नाहीं.

शेवटीं चाळीस पानांचें पुस्तक बावन्न पानांचें झालें. समूहफोटो कडा न छाटतां पुरे घेतले. त्यामुळें वर-खालीं पांढरी जागा राहिली ती राहूं दिली. पानें जरा ओकींबोकीं दिसतात, असें मुलगी अजून म्हणते. छापखान्यांत कटिंगच्या वेळीं पानाची दोन-तीन मिलिमीटर कड जाते, आणि समोरासमोरच्या दोन पानांच्या सांध्यांत एखादा चेहरा सहज गडप होतो. तेव्हां टोकाला उभीं असलेलीं माणसें या दोन्ही धोक्यांपासून दूर राहतील असें एकेक पान मोजून पाहिलें. फुलांचें पान काढून टाकलें. आईनें मात्र त्यांतला चेहरा निराळा छापून मागितला, किनारीशिवाय; तो तिच्या कपाटांत, पोथीच्या खालीं आहे. तिच्या या मागणीला माझा कोणताच युक्तिवाद लागू पडत नाहीं, आणि मी तो लावूनही पाहिला नाहीं.

प्रत्येक फोटोखालीं डावीकडून उजवीकडे अशीं नांवें घातलीं. आत्या पुष्कळ फोटोंत डाव्या टोकाला आहे, त्यामुळें नांवांच्या बऱ्याच ओळी तिच्यापासून सुरू होतात. हें कोणीं मुद्दाम केलेलें नाहीं.

एक फोटो तेवढा राहिला होता. मी सहा महिन्यांचा, खुर्चीवर बसविलेला. बसतां नीट येत नाहीं, म्हणून डाव्या बाजूच्या पडद्याआडून एका हातानें मला पाठीशीं धरलें आहे. हात मनगटापर्यंत दिसतो. मनगटांत एकच कांचेची बांगडी. फोटोखालीं मुलीनें माझें एकट्याचें नांव घातलें होतें. आईनें पडद्यावरच्या त्या हातावर बोट ठेवलें. मुलीनें माझ्या नांवाच्या आधीं आत्येचें नांव घातलें, आणि पानें छापखान्याकडे पाठविलीं.