पश्चिमेच्या खात्यावर

मे १९७९. 'लोकप्रिय चित्रपट' या अर्थाचे नाव असलेल्या चिनी मासिकाच्या मलपृष्ठावर एक चुंबनदृश्य छापून आले. सिंड्रेलाच्या गोष्टीवर बेतलेल्या ब्रिटिश चित्रपटातले ते दृश्य होते. शिनजियांगमधल्या एका वाचकाने संतापून पत्र धाडले: समाजवादी चीनला याची गरजच काय? संपादकांनी ते पत्र छापले आणि मते मागवली. हजारो पत्रे आली, आणि बहुतेकांनी या वाचकाचे म्हणणे खोडून काढले.

चित्र परदेशी, म्हणून शृंगारही परदेशी, असा त्या संतापामागचा हिशेब होता. चारशे वर्षांपूर्वी मात्र आरोपाचे बोट उलट दिशेने रोखलेले होते. १६०१ मध्ये बीजिंगला पोचलेला इटालियन जेझुइट धर्मप्रसारक माटेओ रिच्ची तिथले पुरुषांमधले उघड संबंध पाहून हादरला. चिनी विद्वानांना त्यात नवे काहीच नव्हते. हान वंशाचा सम्राट 'आय' याच्या बाहीवर त्याचा प्रियकर दोंग शियान झोपला होता. त्याची झोप मोडू नये म्हणून सम्राटाने बाहीच कापली, ही कथा त्यांना ठाऊक होती. 'कापलेली बाही' हा शब्दप्रयोग पुरुषांमधल्या प्रेमासाठी तिच्यामुळेच रूढ झाला.

जुना चीन मोकळा होता, असे मात्र नाही. मुलींचे पाय बांधले जात, श्रीमंतांच्या घरी उपपत्नी असत, आणि छिंग राजवटीने १७४० मध्ये पुरुषांमधल्या संमतीच्या संबंधांनाही शिक्षा ठरवली.

विसाव्या शतकात पश्चिम म्हणजे विज्ञान असे समीकरण झाले. फ्रान्समध्ये डॉक्टरेट मिळवलेले झांग जिंगशेंग यांनी १९२६ मध्ये लोकांची लैंगिक आत्मकथने प्रसिद्ध केली. पुस्तकावर बंदी आली आणि त्यांची आयुष्यभर हेटाळणी झाली. समलैंगिकतेला विकृती ठरवणारी वैद्यकीय परिभाषाही याच काळात बाहेरून आली आणि हळूहळू ती चीनचीच वाटू लागली.

पुढे वारे पुन्हा फिरले. १९७९ च्या फौजदारी कायद्यातल्या 'गुंडगिरी'च्या मोघम कलमाखाली विवाहबाह्य संबंध आणि खासगी नाचगाण्याचे कार्यक्रम यांवरही खटले झाले. १९८३ मध्ये 'आत्मिक प्रदूषणा'विरुद्ध मोहीम निघाली. अश्लीलतेसाठीही पश्चिमेलाच जबाबदार धरले गेले. 'गुंडगिरी'चे ते कलम १९९७ मध्ये रद्द झाले. २००१ मध्ये मानसिक आजारांच्या चिनी वर्गीकरणाने समलैंगिकतेला सरसकट आजार मानणे सोडले. पण २०२१ मध्ये प्रसारण नियामकाने पडद्यावरच्या 'बायकी' पुरुषांना मज्जाव केला.

ज्याची अडचण वाटते ते पश्चिमेच्या खात्यावर मांडले की स्वतःच्या घरात पाहावे लागत नाही. समाजशास्त्रज्ञ पान ग्वांगदान यांनी ही पळवाट नाकारली. हॅवलॉक एलिस या ब्रिटिश लेखकाचा कामविषयक ग्रंथ त्यांनी चिनीत आणला. १९४६ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात मूळ ग्रंथात नसलेले एक परिशिष्ट होते. जुनी चिनी पुस्तके धुंडाळून वेचलेली समलिंगी प्रेमाची उदाहरणे पान यांनी त्यात एकत्र दिली होती.